दाखल्यात नसलेला रकाना

शाळा सोडल्याचा दाखला हा एका पानाचा कागद. वर शाळेचं नाव आणि यू-डायस क्रमांक, खाली ओळीने रकाने. जनरल रजिस्टर क्रमांक, विद्यार्थ्याचं संपूर्ण नाव, आईचं नाव, मातृभाषा, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, यापूर्वीची शाळा, या शाळेत प्रवेश घेतल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचं कारण, शेरा. शेवटी लिपिक, वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्या सह्या आणि गोल शिक्का. प्रगतीसमोर बहुधा ‘समाधानकारक’ लिहिलेलं असतं, वर्तणुकीसमोर ‘चांगली’ आणि कारणासमोर ‘पालकांच्या इच्छेनुसार’. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या शाळांच्या कार्यालयांत मे-जूनमध्ये असे दाखले मागायला आणि द्यायला रांगा लागतात.

या मुलाला तीसपर्यंत पाढे पाठ आहेत, ही मुलगी आधीच्या शाळेत कबड्डीत चढाई करायची, हा चित्रं काढतो, ही वर्गातल्या भांडणात मध्ये पडून ते मिटवते, हे लिहायला त्या कागदावर जागाच नाही. नव्या शाळेला मुलाचा जन्म कुठल्या तालुक्यात झाला ते कळतं, त्याला काय येतं ते कळत नाही. आणि मूल तर नेमकं तेच बरोबर घेऊन आलेलं असतं. जुन्या शाळेत त्याची ओळख त्यावरच होती. ‘गणितवाला’, ‘गाणारी’, ‘गोलकीपर’, ‘बाईंचा फळा पुसणारा’. नव्या शाळेच्या फाटकातून आत गेल्यावर ती ओळख एका सकाळीत पुसली जाते आणि उरतो तो ‘नवीन आलेला मुलगा’.

घरचे म्हणतात, रुळेल हळूहळू. बहुतेक मुलं रुळतातही. पण रडायचं थांबणं म्हणजे रुळणं नव्हे. रडणं आठवड्यात थांबतं, वर्गात हात वर करायला कधी कधी अख्खं वर्ष जातं. डबा संपलेला असतो, वह्या पूर्ण असतात, पालकसभेत ‘काही त्रास नाही हो, शांत आहे’ असं ऐकून आईबाप समाधानाने घरी येतात. ते शांत असणंच मला काळजीचं वाटतं. जुन्या शाळेत ते मूल शांत नव्हतं.

आपण मुलाला धीर देतो. घाबरू नकोस, सगळे चांगले असतात, मित्र होतील. यातलं काही खोटं नाही, पण धीर असा दिल्याने येत नाही. आपल्याला जे येतं ते नव्या ठिकाणी कुणाला तरी लागतं, कुणीतरी ते मागतं, तेव्हा तो येतो. या पट्ट्यातली जी खरी माणसं आणि खऱ्या शाळा मला ठाऊक आहेत, त्यांच्याकडे बघून माझं हे मत पक्कं झालं आहे.

हा पट्टाच मुळी शाळा बदललेल्यांचा आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ठाण्याची महापालिका झाली आणि बरोबर वर्षाने कल्याणची. गिरण्या बंद पडत गेल्या तशी लालबाग-परळची खोली विकून कितीतरी कुटुंबं लोकलच्या रुळाला धरून पुढे सरकली. कुणी डोंबिवलीत, कुणी कल्याणात, कुणी त्याच्याही पुढे बदलापूरला. त्या आधी आणि नंतरही कोकणातून, खानदेशातून, घाटावरून, उत्तरेतून माणसं येतच राहिली. २००१ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्यात ८१ लाख माणसं होती, २०११ मध्ये एक कोटी १० लाख. पालघर तेव्हा वेगळा झालेला नव्हता आणि ठाणे हा देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा होता. दहा वर्षांत जवळजवळ तीस लाखांची भर. त्यांत जी शाळकरी मुलं आली, त्यांतल्या प्रत्येकाच्या पिशवीत असा एक दाखला होता, किंवा गावाकडच्या शाळेतून तो यायचा राहिला होता.

घर न बदलताही शाळा बदलते, हे आपण विसरतो. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीला संपतात, काही सातवीला. पुढच्या वर्गासाठी दुसरीकडे जावंच लागतं. चौथीपर्यंत जो गावच्या शाळेत सगळ्यांत मोठा होता, लहानग्यांना ओळीने प्रार्थनेला उभं करत होता, तो पाचवीला शहरातल्या हायस्कुलात गेला की एकदम सगळ्यांत धाकटा होतो. डोंबिवलीच्या आसपासच्या गावांतल्या आगरी मुलांचं तर आणखीच वेगळं. जमीन त्यांच्या आजोबांची, शहर वाढत वाढत त्यांच्या अंगणापर्यंत आलेलं, आणि त्या शहरातल्या शाळेत हेच मूल नवखं ठरतं. घरची बोली तोंडून निघाली की मागच्या बाकावर खसखस पिकते. एकदा हसू झालं की मूल पुढचं वाक्य मनातल्या मनात तपासून बघायला लागतं, आणि तोवर बाईंचा प्रश्न पुढच्या बाकावर गेलेला असतो.

माध्यम बदलणाऱ्यांचीही हीच गत. मराठी माध्यमातून चौथी करून पाचवीला इंग्रजी शाळेत टाकलेली मुलं डोंबिवलीत सोसायटीसोसायटीत भेटतील. अपूर्णांक त्यांना येतात. नद्यांची नावं येतात. पण ती सगळी मराठीत ठेवलेली आहेत, आणि विचारणारा दुसऱ्या भाषेत विचारतो आहे. उत्तर माहीत असून ‘येत नाही’ म्हणायची सवय तिथे लागते. ती एकदा लागली की ट्यूशन लावून जात नाही. कोविडनंतर फी परवडेना म्हणून उलट्या दिशेने, इंग्रजी शाळेतून महापालिकेच्या शाळेत आलेली मुलंही अशीच मुकी झाली. त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही, कारण त्या बदलीत आईवडिलांची लाज मिसळलेली होती.

सरकारी नोकरांच्या मुलांसाठी देशाने यावर एक व्यवस्था फार पूर्वी केली. १९६३ मध्ये केंद्रीय विद्यालयं सुरू झाली ती बदल्या होणाऱ्यांच्या मुलांसाठीच. देशभर एकच अभ्यासक्रम, म्हणजे बाप जबलपूरहून अंबरनाथच्या आयुध निर्माणीत आला तरी पोराचं पुस्तक बदलत नाही. ही मोठीच सोय आहे. पण पुस्तक तेच राहिलं तरी शेजारी बसणारा बदलतोच.

*

कल्याणच्या ज्या मुलीने सगळ्यांत लांबची शाळा बदलली तिचं नाव यमुना जोशी. ३१ मार्च १८६५ चा जन्म. नवव्या वर्षी तिचं लग्न गोपाळराव जोशी या पोस्टातल्या कारकुनाशी झालं आणि ती आनंदी झाली. गोपाळरावांची नोकरी बदलीची. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, बंगालमधलं श्रीरामपूर. नवऱ्याची बदली झाली की तिचं शिकणंही बदलत गेलं. कधी घरीच, कधी मिशनरी बायांच्या शाळेत.

आनंदीबाईंची गोष्ट आपण सहसा पराक्रमाची म्हणून सांगतो आणि मधली वर्षं भरभर उलटून टाकतो. मला ती मधली वर्षंच महत्त्वाची वाटतात. मुंबईत शाळेत चालत जाताना काय व्हायचं ते त्यांनी स्वतः नंतर जाहीर सभेत सांगितलं. लोक थांबून बघत, हसत, ओट्यावर बसून वाटेल ते बोलत, खडे मारायलाही कमी करत नसत. घरात शिकवणारा नवरा मारकुटाही होता. लहानपणी आपल्यावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं त्यांना विसरता आली नाहीत, आणि अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रात त्यांनी गोपाळरावांना त्याची आठवण करून दिली. गोपाळरावांमुळे त्या शिकल्या हे खरंच आहे. पण माराने त्यांच्यात धीटपणा आला असं कुणी म्हणू लागलं तर ते मी मानणार नाही. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. रस्त्यावर आणि घरात अशा सगळ्या बाजूंनी दबलेली ही मुलगी २४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात उभी राहिली, आणि आपण वैद्यकी शिकायला अमेरिकेला का जातो आहोत हे तिने भरल्या सभेला इंग्रजीत सांगितलं. तेव्हा तिला अठरावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. हे बळ कुठून आलं?

त्या सभेच्या आधी एक गोष्ट घडली होती. गोपाळरावांनी कोल्हापूरहून एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येईपर्यंत वाचलं आणि आनंदीला पत्र लिहिलं. १८८० पासून दोघींचा पत्रव्यवहार चालू झाला. त्या पत्रांत कार्पेंटरबाई विचारत आणि आनंदी समजावून सांगत असे. इकडचे रीतिरिवाज कसे, बालविवाह काय असतो, बायकांच्या प्रकृतीचं काय. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला शिकवत नव्हतं, तिच्याकडून समजून घेत होतं. मिशनऱ्याने मदतीची अट घातली होती धर्मांतराची. कार्पेंटरबाईंनी कसलीच अट घातली नाही. आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली. म्हणजे ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीत बसताना ही मुलगी अनोळखी गावी निघालेली नव्हती. तिथे तिला काय येतं हे जाणणारं एक माणूस आधीच होतं. ४ जूनला बोट न्यूयॉर्कला लागली आणि सुरुवातीचे महिने ती मावशीच्याच घरी राहिली. कॉलेज त्यानंतर.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातलं १० ऑक्टोबर १८८५ चं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. कल्याणच्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई साडी नेसून, दागिने घालून. कॉलेजने त्यांना झगा घालायला लावला नाही. आणि पदवीसाठी प्रबंध लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी विषय घेतला हिंदू परंपरेतल्या प्रसूतिशास्त्राचा. घरून आणलेलं ज्ञान त्यांनी नव्या शाळेच्या टेबलावर ठेवलं आणि त्या शाळेने ते अभ्यास म्हणून स्वीकारलं. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या.

शरीराने मात्र साथ दिली नाही. तिथली थंडी, खोलीतली धड न पेटणारी शेकोटी, परमुलखात शाकाहार पाळताना होणारी आबाळ, या सगळ्यांत क्षयाने गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या वारल्या. कोल्हापूरच्या ॲल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातली नेमणूक वाट बघत राहिली. धीट मुलाला आता कशाचीच गरज नाही असं समजण्याची चूक आपण अजूनही करतो. ज्याला जमतंय असं दिसतं, त्याच्या डब्याकडे आणि झोपेकडेही बघावं लागतं.

*

डोंबिवलीशी नातं असलेली शाळाबदलाची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, पण तिच्यातला बारकावा निसटतो. रोहित शर्माचे आईवडील डोंबिवलीत एका खोलीत राहायचे. वडिलांची मिळकत तुटपुंजी, म्हणून मुलगा बोरिवलीला आजी-आजोबा आणि काकांकडे वाढला. आईवडिलांना भेटायला तो शनिवार-रविवारी डोंबिवलीला यायचा. १९९९ मध्ये काकांच्या पैशांनी त्याने एका क्रिकेट शिबिरात नाव घातलं. तिथे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला पाहिलं आणि आपण शिकवतो त्या स्वामी विवेकानंद शाळेत ये म्हणून सांगितलं. फी परवडणार नव्हती. लाडसरांनी शिष्यवृत्ती मिळवून दिली आणि चार वर्षं फी भरावी लागली नाही.

इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं असं, की रोहित त्या शाळेत गेला तो ऑफस्पिन टाकणारा म्हणून, खाली आठव्या क्रमांकावर थोडीफार फलंदाजी करणारा. लाडसरांनी त्याला बॅट चालवताना नीट पाहिलं आणि सरळ सलामीला पाठवलं. सलामीला आल्यावर पहिल्याच शालेय सामन्यात त्याने शतक ठोकलं. शाळेने ज्या कामासाठी घेतलं तेवढ्यावरच लाडसर थांबले असते तर एक बरा फिरकी गोलंदाज मिळाला असता. नव्या मुलाकडे दुसऱ्यांदा बघणारा माणूस तिथे होता. याच लाडसरांनी पुढे पालघरच्या शार्दूल ठाकूरला आपल्या शाळेत आणलं. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. रोजचा प्रवास झेपणार नाही म्हणून लाडसरांनी या मुलाला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. कार्पेंटरबाईंनी रोझेलमध्ये केलं तेच बोरिवलीच्या एका मास्तरांनी केलं.

डोंबिवलीतच वाढलेल्या अजिंक्य रहाणेने मुलाखतीत सांगितलेली एक आठवण मला फार आवडते. लहान असताना सरावाला लोकलने जावं लागायचं. वडिलांनी एक दिवस बरोबर जाऊन वाट दाखवली आणि मग म्हणाले, आता तू एकटा जा. तो एकटाच गेला. वडील मागच्या डब्यात बसून बघत होते, पोराला जमतंय की नाही. डोंबिवलीची सकाळची गर्दी ज्याने बघितली आहे त्याला त्या बापाचं धाडसही कळेल आणि काळजीही.

*

ठाण्यात तीन हात नाक्यावर पूर्व द्रुतगती महामार्गाच्या उड्डाणपुलाखाली कंटेनरमध्ये एक शाळा भरते. समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने ठाणे महापालिकेच्या साथीने जून २०१६ मध्ये सुरू केलेली ही सिग्नल शाळा. भटू सावंत यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. सिग्नल लाल झाला की गाड्यांच्या काचांवर टकटक करून गजरे, खेळणी, फडकी विकणाऱ्या मुलांसाठी ती आहे. दुष्काळी भागातून शहरात आलेली ही कुटुंबं, त्यांत पारधी समाजाची बरीच. पुलाखालीच त्यांचा संसार.

या मुलांना शहरात दुसऱ्या शाळा नव्हत्या असं नाही. महापालिकेच्या शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होत्या. मूल तिथे जाईना, गेलं तर टिकेना. अंघोळीला पाणी नाही, कपडे मळलेले, वयाने मोठं पण अक्षरओळख नाही, म्हणून पहिलीतल्या चिमुरड्यांत बसवलेलं. अशा वर्गात कोण थांबेल? म्हणून शाळाच मुलांपाशी नेली. आल्यावर आधी अंघोळ, मग स्वच्छ गणवेश, पोटाला अन्न, आणि मग पाटी. वरून ट्रक धडधडत जातात, बाजूला हॉर्न वाजत असतात, आणि मधे वर्ग चालू असतो. पुढे तिथे विज्ञानाची आणि रोबोटिक्सची प्रयोगशाळाही आली. २०१८ मध्ये या शाळेतली दोन मुलं दहावीला बसली आणि दोघंही पास झाली.

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती अंघोळ. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात तिला धडा नसेल, पण केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून बाकावर बसलेल्या मुलाची मान वेगळी असते. आपल्याला वास येतो म्हणून कुणी सरकून बसेल ही भीती आधी जावी लागते.

या मुलांना ‘काही येत नाही’ हे तर साफ खोटं आहे. सिग्नल सुटायच्या आत तीन गजरे देऊन शंभराच्या नोटेतले पैसे परत करणाऱ्या मुलीला वजाबाकी येते. तिला ती वहीत मांडता येत नाही, एवढंच. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात केलेल्या आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांना धंद्याच्या ओघात हिशेब विचारले, तेव्हा जवळजवळ ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तशीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत घातली तर ३७ टक्क्यांवर. एका मुलाला ३५ चा एक असे दहा नारळ कितीला, असं विचारलं. दहाने गुणताना शून्य द्यायचं, ही शाळेतली रीत त्याने वापरली नाही. त्याने तिनाचे १०५ धरले, आणखी तिनाचे मिळून २१०, मग ३१५ आणि शेवटच्याचे धरून ३५०. हे गणित नाही तर काय आहे? अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर असाच मोठा अभ्यास केला. तो फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. निष्कर्ष त्याच वळणाचा. आणि दुसरी बाजूही तितकीच बोलकी, की शाळेत जाणारी मुलं पुस्तकातली उदाहरणं सोडवतात पण बाजारातला साधा व्यवहार आला की अडखळतात. म्हणजे एकाच वर्गात अशी दोन मुलं शेजारी बसवली तर दोघांनाही एकमेकांकडून घेण्यासारखं आहे. फक्त ते तसं बसवायला हवं.

याची जुनी वाट तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच पडलेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, गुरं राखत होती. तेव्हा शाळा कुरणात गेली. तिला नावच पडलं कुरणशाळा. माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, पानं, शंख, खडे घेतले. पाड्यावरच्या मुलाला ज्या झाडाचं नाव बाईंच्या आधी ठाऊक, त्याच झाडाच्या पानांनी मोजणी. शिकवणारी आणि शिकणारा यांच्यातलं अंतर अशाने एकदम कमी होतं. आज वातानुकूलित वर्गांची जाहिरात करणाऱ्या शाळांनी कोसबाडला एकदा जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं.

*

कायदा काय म्हणतो हे पालकांना माहीत असलं तर निम्मी धाकधूक तिथेच संपते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी त्यात स्पष्ट तरतुदी आहेत. कलम ५ प्रमाणे मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला हे कारण सांगून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. कलम १५ प्रमाणे वर्ष सुरू झाल्यावरही प्रवेश द्यावाच लागतो. कलम ४ प्रमाणे कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मधेच सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि बरोबरीला येण्यासाठी वेगळं शिकवायचं. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं. ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम यांवर फिरणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी तर ही कलमं म्हणजे जीव की प्राण. कल्याण-भिवंडीकडे पावसाळा संपला की भट्ट्या लागतात आणि पाड्यांवरच्या शाळांतली मुलं मधूनच कमी होतात.

खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागाही याच कायद्यातल्या. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्यातून सूट, असा बदल केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो रद्द केला. न्यायालयाने जे केलं ते योग्यच झालं. पण लॉटरीत नंबर लागून चकचकीत शाळेत शिरलेल्या रिक्षावाल्याच्या मुलीला सहलीच्या पैशांचा आणि वाढदिवसाच्या चॉकलेटांचा प्रश्न पडतो, त्याला कलम नाही. तिथे वर्गशिक्षिकाच लागते.

आणि वर्गशिक्षिका हे फार थोड्या गोष्टींत करू शकते. आपल्या शाळांत रोज परिपाठ असतो. प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या, दिनविशेष. नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सगळ्यांपुढे उभं करून ‘तुझी ओळख करून दे’ म्हणणं ही शिक्षा आहे. नाव आणि गाव सांगून झाल्यावर त्याच्याकडे बोलायला काही उरत नाही, आणि पन्नास डोळे बघत असतात. त्यापेक्षा दुसऱ्या आठवड्यात दिनविशेषाचं पान त्याच्या हातात द्यावं. बोलायचे शब्द तयार आहेत, काम ठरलेलं आहे, एका मिनिटात संपतं, आणि मधल्या सुट्टीत दुसऱ्या तुकडीतलं एखादं पोर ‘तूच ना सकाळी वाचलंस?’ म्हणून विचारतं. मॉनिटर नको, कारण नव्या मुलाला मॉनिटर केला की जुनी मुलं चिडतात. प्रयोगशाळेची किल्ली आणणं, पेटीमागे उभं राहणं, वाचनपेटीतल्या पुस्तकांची नोंद ठेवणं, अशी कामं द्यावीत. बाकावरचा शेजारीही विचार करून द्यावा. पहिल्या नंबरातला हुशार मुलगा शेजारी बसवण्यापेक्षा बोलका आणि डबा वाटून खाणारा केव्हाही चांगला.

पालकांनाही एक करता येतं. दाखला जमा करताना बरोबर साध्या कागदावर चार ओळी लिहून द्याव्यात. आमच्या मुलीला बुद्धिबळ येतं, अहिराणीत गोष्टी सांगते, कोंबड्या पाळलेल्या आहेत म्हणून त्यांच्याबद्दल सगळं माहीत आहे, गणितात भूमिती आवडते. उणिवा लिहू नयेत. त्या शाळेला पहिल्या चाचणीत दिसणारच आहेत. लिहिता येत नसेल तर वर्गशिक्षकांना तोंडी सांगावं. ‘सर, तेवढं लक्ष ठेवा’ म्हणण्यापेक्षा ‘सर, हा ढोलकी वाजवतो’ हे वाक्य मास्तरांच्या जास्त लक्षात राहतं.

दिवाळीची सुट्टी संपली की दुसरं सत्र सुरू होईल. बदल्या, भाड्याच्या घरांचे करार, पुनर्विकासात पाडायला काढलेल्या इमारती, गावाकडचा दुष्काळ, या ना त्या कारणाने या सत्रातही कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या वर्गांत नवी मुलं येतील. जूनमध्ये निदान बरोबरचे आणखी काही नवे असतात. नोव्हेंबरात येणारं मूल एकटंच येतं, आणि नेमकं त्याच सुमाराला शाळांत डिसेंबरच्या स्नेहसंमेलनाची निवड चालू असते. लेझीम, समूहगीत, नाटुकली, सगळ्यांत नावं भरून जातात आणि नंतर आलेलं मूल गॅदरिंगच्या दिवशी प्रेक्षकांत बसतं. प्रत्येक बाईंनी आपल्या नाचात किंवा नाटकात दोन जागा नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत मोकळ्या ठेवायला हरकत नाही. झांजा वाजवायला, पडदा ओढायला, निवेदनाचे कागद क्रमाने लावून द्यायला तर कितीही मुलं लागतातच.